जाळ्यातली यंत्रं – ९ : शिळा भाव दाखवणारा पडदा

नोव्हेंबरचा पहिला मंगळवार ही मेलबर्नकरांची हक्काची सुट्टी, आणि सुट्टीचं कारण आहे घोड्यांची शर्यत. फ्लेमिंग्टनच्या मैदानावर १८६१ पासून होत आलेली मेलबर्न कपची शर्यत दुपारी तीनला सुटते. अंतर ३२०० मीटर, सव्वातीन-साडेतीन मिनिटांत खेळ खलास. मैदानात मावतात तेवढे लोक मावतात. बाकीचे हातात ग्लास घेऊन जवळच्या पबमध्ये नाहीतर क्लबात उभे असतात. तिथल्या एका भिंतीवर ओळीनं पडदे लावलेले असतात. एकावर मैदानातलं थेट चित्र, दुसऱ्यावर घोड्यांची नावं आणि भाव, तिसऱ्यावर आधीच्या शर्यतींचे निकाल आणि जिंकलेल्या तिकिटांचे डिव्हिडंड, चौथ्यावर पुढची शर्यत सुटायला किती मिनिटं उरली ते. या कोपऱ्याला तिकडे ‘टॅब’ म्हणतात. गल्लीबोळातल्या बेकायदा बुकींना पर्याय म्हणून व्हिक्टोरिया राज्यानं १९६१ साली ही सरकारी व्यवस्था सुरू केली आणि १९९४ मध्ये तिचं खासगीकरण झालं. आजचा लेख या भिंतीमागच्या तारांचा.

गेल्या आठवड्यात आपण रुग्णालयातले टोकन क्रमांकाचे पडदे पाहिले. तिथे आकडा मिनिटभर मागे राहिला तर रांगेतले आजोबा फार तर वैतागतात. इथे मिनिटभर जुना भाव बघून कुणीतरी पन्नास डॉलर लावून मोकळा होतो. म्हणून या धंद्यात मुरलेला तंत्रज्ञ काळ्या पडद्याला फारसा भीत नाही. पडदा काळा पडला की सगळ्यांना दिसतं, बारवाला फोन करतो, कुणीतरी शिडी घेऊन येतो. धास्ती असते ती व्यवस्थित चालू दिसणाऱ्या, पण वीस मिनिटांपूर्वीच अडकून बसलेल्या पडद्याची. रंग झकास, अक्षरं ठळक, आकडे शिळे.

आकडे ताजे ठेवायची ही कटकट पडद्यांपेक्षा जुनी आहे. जॉर्ज ज्युलियस नावाच्या इंजिनिअरनं मतं मोजायचं यंत्र काढलं होतं. सरकारनं ते नाकारलं, तेव्हा गड्यानं तेच डोकं घोड्यांच्या तिकिटांकडे वळवलं. १९१३ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एलरस्ली मैदानावर त्याचं पहिलं स्वयंचलित टोटलायझेटर (थोडक्यात ‘टोट’) बसलं. खिडकीवर तिकीट विकलं गेलं की तारा, कप्प्या आणि साखळ्यांच्या जंजाळातून ओढ पोचायची आणि त्या घोड्यापुढचा आकडा वाढायचा. तार तुटली की आकडा जागच्या जागी थांबे. आजच्या पडद्याचा मुख्य आजार हाच आहे, फरक इतकाच की आता तुटलेली तार डोळ्यांना दिसत नाही.

भिंतीमागे दोन वेगळे रस्ते असतात हे आधी पक्कं करून घेऊ. चित्राचा रस्ता वेगळा आणि आकड्यांचा वेगळा. चित्र बऱ्याच ठिकाणी छतावरच्या डिशमधून येतं, रिसीव्हरमध्ये उतरतं आणि तिथून पडद्यांना वाटलं जातं. आकडे मात्र इंटरनेटच्या लाइनवरून राउटरमध्ये, राउटरमधून स्विचमध्ये आणि स्विचमधून पडद्यामागे चिकटवलेल्या तळहाताएवढ्या प्लेअरमध्ये येतात. तक्रार आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा, की काय बिघडलंय, चित्र की आकडे? दुसरा प्रश्न, एकाच पडद्यावर की सगळ्या? या दोन उत्तरांत निम्मं काम होतं. तरीही पुष्कळ जण आधी प्लेअर उपटून रिस्टार्ट मारतात आणि होता नव्हता तो पुरावा घालवून बसतात.

कपच्या दिवशीचाच एक बिघाड घ्या. सकाळी अकरापर्यंत सगळे पडदे ठणठणीत. दुपारी एकच्या सुमाराला बारवाल्याला एक पडदा किंचित अडखळताना दिसतो, तो प्लेअर बंद-चालू करतो आणि पडदा परत येतच नाही. घाबरून तो दुसराही बंद-चालू करतो. तोही जातो. तंत्रज्ञ येऊन प्लेअरचा आयपी पत्ता बघतो, तर तो १६९.२५४ नं सुरू होणारा. हा पत्ता कुणी दिलेला नसतो. ‘मला कुणीच पत्ता दिला नाही’ असं म्हणत यंत्रानं स्वतःच स्वतःला चिकटवून घेतलेला असतो. राउटरमधली डीएचसीपी सेवा सगळ्यांना पत्ते वाटते, आणि साध्या मांडणीत तिच्याकडे जेमतेम २५४ पत्ते असतात. त्यातला एक राउटरचा, काही गल्ल्याच्या यंत्रांचे, काही कॅमेऱ्यांचे. उरलेले पबच्या फुकट वायफायवर चढलेल्या गिऱ्हाइकांच्या फोननी सकाळपासून उचललेले. फोनवाला जेवून घरी गेला तरी पत्त्याची मुदत, बहुतेक वेळा चोवीस तासांची, संपेपर्यंत तो पत्ता अडकलेलाच. बंद होताना प्लेअरनं आपला पत्ता परत दिला, की तो तेवढ्यात एखादा फोन उचलतो आणि पुन्हा चालू झालेल्या प्लेअरला काहीच उरत नाही. अडखळणारा पडदा तसाच सोडला असता तर तो जुन्या पत्त्यावर संध्याकाळपर्यंत रखडत का होईना चालला असता.

उपाय स्वस्त आहे आणि तो कपच्या आदल्या महिन्यात करायचा असतो. गिऱ्हाइकांचं वायफाय वेगळ्या व्हीलॅनवर टाका, म्हणजे त्याच स्विचवर असूनही ते वेगळं जाळं होतं. पडद्यांना पत्ते राखून ठेवा. आणि कोणत्या पडद्याला कोणता पत्ता, स्विचचा कोणता पोर्ट, हे कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. हा कागद ज्या कपाटात असतो तिथलं काम अर्ध्या वेळात होतं, हे माझं ठाम मत.

केबलच्या बाबतीत एक फसवणूक नेहमीची. एचडीएमआयची तार लांब ओढता येत नाही, म्हणून लांबच्या पडद्यापर्यंत चित्र न्यायला एचडीबेसटी वापरतात. तार नेटवर्कचीच, कॅट-सिक्स, टोकाचा प्लगही तोच. पण त्या तारेतून जातं ते नेटवर्क नव्हेच, कच्चं चित्र. नव्यानं आलेला मदतनीस भिंतीतून लोंबणारी अशी तार बघतो आणि सवयीनं स्विचमध्ये खोचतो. चित्र येत नाही, पिंग जात नाही, टेस्टरवर तार मात्र उत्तम. असल्या तारांना वेगळ्या रंगाच्या प्लगटोप्या घालायला हव्यात. काही रुपयांचं काम, पण कुणी करत नाही.

चित्रच नेटवर्कवरून वाटलं जात असेल तर मामला आणखी नाजूक. एकच चित्र वीस पडद्यांना हवं तर वीस वेळा पाठवण्याऐवजी मल्टिकास्टनं एकदाच पाठवतात, आणि ज्याला हवं असेल त्याच्याच पोर्टवर ते सोडायचं काम स्विचकडे असतं. स्विचमधली ही सोय, आयजीएमपी स्नूपिंग, बंद असेल तर तो ते चित्र सरसकट सगळ्या पोर्टवर ओततो आणि बिचारं गल्ल्याचं यंत्र गुदमरतं. सोय चालू आहे, पण ‘अजून कुणाला हवंय का?’ असं अधूनमधून विचारणारा क्वेरिअर जाळ्यात कुठेच नाही, असंही होतं. मग पडदा रिस्टार्ट केल्यावर छान सुरू होतो आणि ठरल्यासारखा चार मिनिटांनंतर बंद पडतो. रूढ मांडणीत ही मुदत २६० सेकंदांची असते. पडदा सुरू करा, घड्याळ लावा आणि तिथेच थांबा. साडेचार मिनिटांच्या आत गेला तर प्लेअर बदलायची गरज नाही. मी तर म्हणेन, पडदा चालू करून लगेच बिल फाडणाऱ्या तंत्रज्ञाला निदान दहा मिनिटं बसवून घ्यावं.

आता त्या शिळ्या पडद्याकडे येऊ. आकड्यांचा प्लेअर दूरच्या सर्व्हरशी एक जोडणी उघडून ठेवतो. भाव बदलला की सर्व्हर त्याच जोडणीवरून नवा आकडा ढकलतो. मधल्या राउटरला अशा शेकडो जोडण्या लक्षात ठेवाव्या लागतात, म्हणून बराच वेळ शांत राहिलेली जोडणी तो आपल्या वहीतून खोडून टाकतो, आणि दोन्ही टोकांना कळवत नाही. पहाटे शर्यती नसतात, भाव हलत नाहीत, जोडणी शांत राहते. पहिल्या शर्यतीच्या वेळी सर्व्हर आकडे पाठवतो, ते राउटरच्या दारात मरतात. पलीकडचा कधीच उठून गेलाय आणि आपण रिसीव्हर कानाला लावून ‘हो, बोला’ म्हणत बसलोय, तशी प्लेअरची अवस्था होते. शेजारच्या पडद्यावर डिशचं चित्र मजेत चालू असतं, त्यामुळे शंकाही येत नाही. तंत्रज्ञानं पिंग मारलं तर जातं, लाइनचा वेग मोजला तर उत्तम, स्विचचे हिरवे दिवे लुकलुकतायत. सगळ्या चाचण्या पास आणि भाव मात्र सकाळचा!

इथे दोष जाळ्यापेक्षा प्लेअरमधल्या सॉफ्टवेअरचा जास्त असतो. नीट लिहिलेलं सॉफ्टवेअर दर काही सेकंदांनी ‘आहेस ना?’ असा छोटा संदेश पाठवतं. त्यानं जोडणी जागी राहते, आणि उत्तर आलं नाही तर जोडणी नव्यानं उघडता येते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, उत्तर येईपर्यंत पडद्यावरचे भाव पुसून टाकता येतात. पुष्कळांना रिकामा तक्ता लाजिरवाणा वाटतो, म्हणून जुनेच आकडे तसेच ठेवण्याचा मोह होतो. तो मोह म्हणजे गिऱ्हाइकाशी चक्क खोटं बोलणं.

घड्याळाचंही प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण ऑस्ट्रेलियात ते खरोखर मजेशीर आहे. उन्हाळ्यात नुसत्या मुख्य भूमीवर पाच वेगवेगळ्या वेळा चालतात. मेलबर्न-सिडनीच्या अर्धा तास मागे अॅडलेड, एक तास मागे ब्रिस्बेन, दीड तास डार्विन आणि तीन तास पर्थ. न्यू साउथ वेल्समधलं ब्रोकन हिल हे खाणींचं गाव तर स्वतःच्या राज्याचं सोडून शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियाचं घड्याळ लावतं. शिवाय काही राज्यांची घड्याळं ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तासभर पुढे जातात, नेमकं मोठ्या शर्यतींच्या तोंडावर. ‘पुढची शर्यत १२ मिनिटांत’ हा आकडा तासानं चुकलेला दिसला तर प्लेअरची प्रांताची निवड आधी तपासा. आणि घड्याळ काही वर्षं मागे पडलं असेल तर आकडे मुळी येतच नाहीत, कारण सर्व्हरचं सुरक्षा-प्रमाणपत्र प्लेअरला ‘अजून लागू व्हायचंय’ असं वाटतं आणि तो जोडणी नाकारतो. वेळ मागून घेण्यासाठी प्लेअरला यूडीपीचा १२३ क्रमांकाचा पोर्ट मोकळा लागतो. अतिउत्साही फायरवॉलवाले तो बंद करून ठेवतात.

प्रत्येक तक्रार म्हणजे बिघाड नव्हे, हेही सांगायला हवं. टोटवरचा भाव म्हणजे जमलेल्या रकमेची वाटणी. शेवटच्या क्षणी लागलेले पैसे गोळा होऊन हिशेब लागेपर्यंत घोडे सुटलेले असतात, त्यामुळे शर्यत चालू असताना भाव हलताना दिसतो. गिऱ्हाईक ओरडतं, पण यंत्र बरोबर असतं. तसंच चित्राच्या उशिराचं. उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच, वर जाऊन खाली यायला चित्राला पाव सेकंद लागतो. इंटरनेटवरून येणारं चित्र मात्र वाटेत साठवत-साठवत येतं आणि सहज कित्येक सेकंद मागे राहतं. पुढच्या दालनात डिश आणि मागच्या दालनात इंटरनेट असेल, तर पुढून जल्लोष ऐकू येतो तेव्हा मागच्यांचे घोडे अजून शेवटच्या वळणावर असतात. यावर दुरुस्ती नाही. एका जागेत सगळ्या पडद्यांना एकाच रस्त्यानं चित्र द्यायचं, एवढंच हातात असतं.

आपल्याकडे हा विषय मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला लागू होतो. ते मैदान १८८३ सालचं. हिवाळ्यात मुंबईचा मोसम आणि पावसाळ्यात पुण्याचा. इथे घोडे धावत नसतात त्या दिवशीही आंतरकेंद्र बेटिंगमुळे हैदराबाद-बेंगळुरूच्या शर्यती पडद्यावर पाहून विन, प्लेस, टनाला अशा पैजांची तिकिटं निघतात. मैदान म्हटलं की अंतरं मोठी. तांब्याच्या तारेची नेटवर्कसाठीची मर्यादा १०० मीटर, आणि स्टँडपासून पॅडॉकपर्यंतच ती ओलांडली जाऊ शकते. पावसाळ्यात उघड्यावरून ओढलेली तांब्याची तार विजेच्या कडकडाटात दोन्ही टोकांचे स्विच जाळू शकते. दोन इमारतींच्या मध्ये फायबरच हवी. यात काटकसर करू नये.

शर्यतीचा असो, सोन्याच्या भावाचा असो की बाजार समितीतल्या कांद्याचा, तुमच्या देखरेखीखाली असा एखादा पडदा असेल, तर पुरवठादाराकडे एक मागणी जरूर करा: शेवटचा आकडा किती वाजता आला, ती वेळ पडद्याच्या कोपऱ्यात सतत दिसली पाहिजे, आणि ठरलेल्या सेकंदांत नवा आकडा आला नाही तर जुना आपोआप पुसला गेला पाहिजे. करारात हे लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका. पुढच्या आठवड्यात पेट्रोल पंपावरचे दरफलक.