बर्लिनमधील रविवारची पेठ

बर्लिन शहरीं नव्यानें राहावयास गेलेल्या परदेशी कुटुंबास पहिला धडा मिळतो तो रविवारीं. घरांतील दूध संपावें आणि बाहेर पडून पाहावें, तों पेठ बंद! मोठ्या रेल्वे स्थानकांतील दुकानें तेवढीं बहुधा उघडीं असतात.

२००६ सालच्या कायद्यानें तेथील दुकानदारांस सोमवार ते शनिवार अहोरात्र विक्रीची मुभा दिली. मोजके अपवाद वगळतां रविवार मात्र राखून ठेविला. याचें मूळ १९१९ च्या वायमार राज्यघटनेंत आहे. रविवारच्या विश्रांतीस संरक्षण देणारें तिचें कलम १९४९ च्या घटनेनेंही कायम ठेविलें. नाताळपूर्वीचे चारही रविवार विक्रीस मोकळे करण्याची बर्लिनची तरतूद ख्रिस्ती धर्मसंस्थांच्या तक्रारीवरून घटना-न्यायालयानें २००९ सालीं अवैध ठरविली. व्यापाऱ्याचा लाभ आणि गिऱ्हाइकाची हौस एवढ्यानें हा नियम मोडतां येत नाहीं, असा त्या निकालाचा आशय. सर्वांची सुटी एकाच दिवशीं असेल, तरच माणसें एकत्र येतात, हा त्यामागील विचार.

म्हणून पाहुण्यानें शनिवारींच पिशवी भरून ठेवावी. त्याची ही लहानशी गैरसोय म्हणजेच दुकानांत दिवसभर उभ्यानें राबणाऱ्यांची हक्काची विश्रांति होय.