मुलगी नर्स झाली तर आजार घरी आणेल का?

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालक सल्ला विचारायला येतात. यंदा एका मुलीचे अब्बू आले. मुलीला नर्सिंग करायचंय, पण दादी अडून बसलीय : "पेशंटच्या सगळ्या बिमाऱ्या घरात आणेल." ही भीती आम्ही हसण्यावारी नेली नाही, कारण ती अगदीच खोटी नाही.

एप्रिल २०२० मध्ये मुंबई सेंट्रलच्या वोक्हार्ट रुग्णालयात कोरोना पसरला, तेव्हा लागण झालेल्यांत २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर होते. परिचारिकांची संख्याच जास्त असते हे मान्य. पण डॉक्टर राउंड घेऊन पुढे जातात. सलाईन, इंजेक्शन, कपडे बदलणं, उलटी पुसणं हे सगळं नर्सच्या वाट्याला येतं. आपल्या सीपीआरच्या वॉर्डात अर्धा तास बसून पाहा, लगेच समजेल.

मात्र कोरोनासारखी साथ रोज नसते. रोजचा धोका असतो तो सुईचा. इंजेक्शन दिल्यावर सुईला परत टोपण लावताना ती हमखास बोटाला टोचते. रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल आणि नर्सने लस घेतली नसेल, तर अशा १०० जणींपैकी ६ ते ३० जणींना लागण होऊ शकते. हिपॅटायटिस सी असेल तर १०० पैकी साधारण दोघींना. आणि ज्या एचआयव्हीला लोक सर्वांत जास्त घाबरतात, त्याची लागण १००० पैकी सुमारे तिघींना! म्हणजे जिथं धोका सर्वांत मोठा, तिथंच लस उपलब्ध आहे. सहा महिन्यांत तीन डोस, आणि नंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून लस लागू पडली का ते पाहायचं.

सुई टोचलीच तर बोट दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालायचं नाही. वाहत्या पाण्यात साबणानं धुवायचं आणि लगेच वरिष्ठांना सांगायचं. एचआयव्ही रोखणारी औषधं शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. शिकाऊ मुली ओरडा बसेल म्हणून गप्प राहतात, तिथंच वेळ जातो. घरी सुद्धा सांगत नाहीत, बदनामीची भीती! अम्मीने आधीच विश्वास द्यायला हवा.

टीबीचं वेगळं. तो खोकल्यातून हवेत पसरतो, हात धुवून टळत नाही. तिथं एन-९५ मास्क आणि उघड्या खिडक्या लागतात. आपण अयादतीला दहा-दहा जण, लेकरांसकट जातो आणि पलंगाला गराडा घालतो, त्यानं वॉर्डातली हवा कोंडते.

हात धुण्याची सवय आपल्या मुलींना वजूमुळे असतेच. पण तेवढ्यानं भागत नाही. प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवावे लागतात, बाह्या वर घ्याव्या लागतात. लांब बाही रुग्णाला लागली की जंतू पुढच्या पलंगावर जातात. पडद्याचा विचार करणाऱ्या घरांनी हे कॉलेजला आधीच विचारून घ्यावं, नंतर वाद नको.

अब्बूंना आम्ही एवढंच विचारलं, "लस झालीय का?" त्यांना माहीत नव्हतं. परवा फोन आला. पहिला डोस झालाय, दुसरा पुढच्या महिन्यात. दादी अजून रुसलेलीच आहे.