जेलमधली कावीळ: डोळे पिवळे होण्याची वाट बघू नका

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लेखी.

आपल्याकडे कावीळ म्हटलं की डोळे पिवळे, गळ्यात माळ आणि तेलकट बंद. पण आज ज्या काविळींबद्दल बोलायचंय, त्या वर्षानुवर्षं दिसतच नाहीत. हिपॅटायटिस बी आणि सी. आतल्या आत लिव्हर खराब होत राहतं, पुढे सिरोसिस किंवा कॅन्सरही होऊ शकतो.

आता समजा, अमडापूरचा एखादा पोरगा बुलढाण्याच्या जिल्हा कारागृहात आहे. केस चालू आहे, उद्या जामीन होईल. त्याला हे का माहीत पाहिजे?

जेलात धोका जास्त का?

ए आणि ई दूषित पाण्या-अन्नातून होतात. बी आणि सी मात्र मुख्यतः रक्तातून पसरतात. बी लैंगिक संबंधांतूनही सहज. एकच ब्लेड चौघांनी वापरणं, सुईनं टॅटू काढणं, नशेची सिरिंज वाटून घेणं, कंडोमशिवाय संबंध. बीचा विषाणू तर शरीराबाहेर निदान 7 दिवस जिवंत राहतो. म्हणजे ब्लेडवरचं रक्त वाळलं, म्हणून ते सुरक्षित झालं असं नाही.

आणि कशानं होत नाही? एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, बराकीत शेजारी झोपल्यानं. म्हणून सुटून आलेल्या भावाचं ताट वेगळं काढू नका.

टेस्ट कशी मागायची?

28 जुलै 2018 ला केंद्र सरकारनं राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात बी आणि सीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. कैदी झाला म्हणून उपचाराचा हक्क जात नाही. जेलच्या डॉक्टरांना सरळ सांगायचं, “माझी बी आणि सीची तपासणी करा.” दाद लागली नाही, तर अधीक्षकांकडे लेखी अर्ज, किंवा वकिलामार्फत कोर्टाला विनंती. वकील परवडत नसेल, तर मोफत विधी सेवेचा नंबर 15100. हा नंबर घरच्यांनी मुलाखतीला जाताना लक्षात ठेवा.

रिपोर्ट कसा वाचायचा?

सीची पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर एवढंच कळतं की विषाणू कधीतरी शरीरात आला होता. काहींच्या अंगातून तो आपोआप जातो. आत्ता आहे का, हे आरएनए टेस्ट सांगते. असला, तर गोळ्यांचा कोर्स, बहुतेकांना 12 आठवड्यांचा. शंभरातले 95 हून जास्त बरे होतात. सीवर लस नाही, त्यामुळे बरं झाल्यावरही तो परत होऊ शकतो.

बीवर लस आहे, साधारण 3 डोस. बी पूर्ण जाईलच असं नाही, पण औषधानं ताब्यात राहतो. प्रत्येकालाच औषध लागतं असंही नाही. ते डॉक्टर ठरवतात.

टेस्ट निगेटिव्ह आली, पण ब्लेड-सुईचा प्रकार नुकताच झालाय? मग काही आठवड्यांनी परत करा. संसर्ग झाल्या झाल्या टेस्टमध्ये दिसत नाही.

सुटताना

खरी गडबड इथे होते. जामीन अचानक मिळतो आणि गोळ्या अर्ध्यावर राहतात. म्हणून रिपोर्ट आणि औषधाचा कागद मागून घ्या आणि थेट जिल्हा रुग्णालय गाठा. औषध तिथून पुढे चालू ठेवायचं.

हा भाग ज्याच्या घरचं कुणी आत आहे, त्याला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!