बोलावूनही न येणारा पक्षी

उत्तर अमेरिकेत वसंत ऋतूत रानटी टर्कीच्या मागे जाणाऱ्या शिकाऱ्यांची दरवर्षीची तक्रार अशी, की हंगामाचे पहिले दिवस हमखास वाया जातात. बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या माळावर टर्की नाही. पण तिच्याच कोंबडीवर्गीय कुळातील राखी तितर आहे, आणि त्याला बोलावून पकडण्याची परंपरागत विद्या जाणणारा फासेपारधी समाजही आहे. या दोन शिकारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर रिकाम्या हाताने परतण्यामागे शिकाऱ्याच्या उणिवेपेक्षा पक्ष्याच्या विणीचे वेळापत्रकच अधिक असल्याचे ध्यानात येते.

टर्कीचा शिकारी मादीचा आवाज काढून नराला जवळ आणू पाहतो. निसर्गाची रीत मात्र उलटी आहे: नर ओरडून पिसारा फुलवतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. हंगामाच्या आरंभी नराभोवती खऱ्या माद्यांचा घोळका असतो, त्यामुळे झुडपामागून येणाऱ्या नकली हाकेला तो दुरून उत्तर देतो, पण जागचा हलत नाही. पुढे माद्या अंडी घालून त्यांवर सुमारे 28 दिवस बसू लागल्या, की एकटा पडलेला तोच नर त्याच हाकेला फसतो.

तितराची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याला ओढून आणतो तो मादीचा मोह नव्हे, तर हद्दीचा राग. विणीच्या काळाबाहेर तितरांचे लहान थवे एकत्र चरतात. वीण जवळ आली की थवे फुटतात, जोड्या जमतात आणि प्रत्येक नर आपल्या तुकड्यावर सकाळ-संध्याकाळ ओरडून हक्क सांगू लागतो. पारधी पाळलेला नर पिंजऱ्यात घालून अशा तुकड्यात ठेवत आणि त्याच्या भोवताली फास मांडत. फास म्हणजे एका लांब दोरीला बांधलेल्या बारीक बांबूच्या काड्यांवर उभे धरलेले सरकगाठीचे वेढे. तितर उडण्यापेक्षा पळणे पसंत करतो, म्हणून पिंजऱ्यातल्या परक्या नरावर चाल करून येताना त्याची मान किंवा पाय त्यात अडकतो. मात्र थवे अजून फुटलेले नसतील, तर हद्द नाही, हद्द नाही म्हणून राग नाही आणि राग नाही म्हणून पक्षीही येत नाही. शिवाय नव्या जागी बावरलेला पाळीव नर तोंडच उघडत नसेल, तर सगळी मांडणी व्यर्थ जाणार हे उघडच आहे.

अशा रिकाम्या फेरीची किंमत दोन्हीकडे सारखी नाही. अमेरिकी शिकाऱ्याच्या लेखी ती बहुधा हिरमोडापुरती असते. पारधी कुटुंबाच्या लेखी तो संध्याकाळच्या चुलीचा प्रश्न होता. तरीही या समाजाने हाती आलेले सोडण्याचा नियम पाळला होता. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी 1980 च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील भटक्या शिकारी समाजांचा अभ्यास केला, त्यात फासात सापडलेली हरणाची पाडसे आणि गाभण माद्या फासेपारधी सोडून देत असल्याची नोंद आहे. म्हणजे फास रिकामा राहण्याचे एक कारण पारध्याने स्वतःच्या हातानेही निर्माण केले होते, आणि शिकारी जमातीविषयीच्या सरसकट समजुतींत ही बाब क्वचितच जमेस धरली जाते.

आज बीडमध्ये तितराची पारध हा गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला काही प्राणी-पक्ष्यांसाठी परवान्याची वाट होती. 1991 च्या दुरुस्तीने ती बंद झाली. या कायद्याची व्याख्या येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे, कारण ठार मारणे आणि पकडणे यांबरोबरच तसा प्रयत्न करणे हीसुद्धा तिच्या लेखी शिकारच होय. परिणामी कायद्यापुढे अयशस्वी शिकार असे काही उरतच नाही. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्यासारख्या, मोरांसाठीच राखलेल्या सुमारे 30 चौरस किलोमीटरच्या टापूत हा कडकपणा योग्यच म्हणावा लागेल. परंतु ब्रिटिशांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची परंपरा 1952 मध्ये कागदावर संपल्यानंतरही ज्या समाजाकडे संशयानेच पाहिले जाते, त्याच्या झोपडीत सापडलेली जुनी फासांची दोरी केवढा घोर लावू शकते, हे वेगळे सांगायला नको.

पक्षी कधी येणार नाही हे ओळखणारी नजर मात्र शिकारीपुरतीच उपयोगाची नाही. विदर्भात अकोला-वाशिम भागातील फासेपारधी ‘संवेदना’ या संस्थेसोबत माळरान आणि तेथे पावसाळ्यात विणीला येणारा दुर्मीळ तणमोर राखण्याच्या कामात उतरले आहेत. गवतात दडलेल्या तणमोराचा ठावठिकाणा ओळखण्यासाठी तेथे जी जाण लागते, ती फास मांडतानाच कमावलेली आहे.