पहिली स्पोर्ट बाईक घेताय? आधी हे वाचा!

धार-देवासच्या बाईकवेड्या मंडळींनो, आपल्या धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला 'नॅट्रॅक्स' या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. २०२१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. वेगाची हौस तिथे शोभते. मांडूच्या वळणांवर किंवा देवास-इंदूर हायवेवर मात्र गुरं, वाळू आणि उलट्या दिशेने येणारे ट्रॅक्टर असतात. म्हणून पहिली बाईक आपल्या रस्त्यांना साजेशी घ्या.

🏍️ ताकद: यामाहा आर१५ (१५५ सीसी) साधारण १८ पीएसची, तर केटीएम आरसी ३९० जवळपास ४३ पीएसची. हात बसेपर्यंत १५० ते २०० सीसी भरपूर झालं.

🏍️ उंची: शोरूममध्ये बाईकवर बसा. पाय नीट टेकतात का? बंद बाईक एकट्याने मागे ढकलता येते का?

🏍️ एबीएस: १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीचं आहे. शक्यतो दोन्ही चाकांना असलेलं घ्या. सेकंडहँड घेताना चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेली की विझला पाहिजे. लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर सौदा थांबवा.

🏍️ बजेट: आयएसआय मार्कचं फुल-फेस हेल्मेट, ग्लोव्हज, जॅकेट, बूट आणि विम्याचे पैसे आधी बाजूला काढा. उरलेल्यात बाईक बसवा.

पहिले काही महिने रिकाम्या मैदानात पुढच्या ब्रेकचा सराव करा. एकदम आवळू नका, हळूहळू दाब वाढवा.

तुमची उंची, बजेट आणि रोजचा रस्ता कमेंटमध्ये लिहा. मिळून योग्य बाईक शोधू!