औषधाचं टेबल

वर्धा जिल्ह्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी अठ्ठावीस वर्षं सिस्टर होते. मेडिसिन वॉर्डात आमचं औषधाचं टेबल दाराशेजारीच होतं. त्यावर फोन, बाजूला केसपेपरचा रॅक, वर भिंतीत स्विचबोर्ड. नातेवाइकांचे मोबाइल कायम तिथंच लटकलेले. आत येणाऱ्याला पहिली दिसायचे मी. ‘सिस्टर, सलाईन संपून राहिली जी.’ ‘डॉक्टर कधी येतीन?’ ‘एक्स-रे कोणत्या खोलीत काढतात?’ तेवढ्यात लॅबचा फोन, तेवढ्यात इंडेंटवर सही.

एका रात्री बारा नंबरच्या बेडसाठी मी इन्सुलिन भरत होते. चार युनिट. फोन वाजला. तो ठेवते तोच एक आजोबा प्यायचं पाणी कुठं मिळतं म्हणून विचारायला आले. त्यांना वाट दाखवली, सिरिंज उचलली आणि थेट एकवीस नंबरच्या काकूंपाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, ‘माही सुई तं बंद केली ना जी डॉक्टरनं?’

काकू शुद्धीवर होत्या म्हणून वाचल्या, आणि मीही. सकाळी मला समज मिळाली: लक्ष देऊन काम करत जा. ती आजही बोचते. लक्ष होतंच, ते पुन्हा पुन्हा तोडलं जात होतं, आणि टेबल जिथं होतं तिथं ते तुटणारच होतं.

पुढे सिडनीच्या दोन रुग्णालयांतला २०१० सालचा अभ्यास वाचनात आला. जोहाना वेस्टब्रुक आणि सहकाऱ्यांनी ९८ परिचारिका औषधं देताना काय घडतं ते शेजारी उभं राहून टिपलं. ४,२७१ वेळा दिलेल्या औषधांची नोंद झाली. दर व्यत्ययामागे चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. अनुभवी परिचारिकाही त्यातून सुटल्या नव्हत्या. ते वाचताना मला रडू आलं. विमानाच्या बाबतीत हे केव्हाच मान्य झालंय: दहा हजार फुटांखाली वैमानिकांनी कामापलीकडचं काही बोलायचं नाही, असा अमेरिकेत १९८१ पासून नियमच आहे.

मी इनचार्ज झाल्यावर टेबल आधी स्टोअरच्या खोलीत नेलं. दार लावलं की शांतता. चौथ्याच दिवशी एका पेशंटला दम लागला आणि मला ते कळलं शेजारच्या बेडवरच्या मुलानं दार बडवलं तेव्हा. म्हणजे हेही चुकलंच होतं. शेवटी टेबल वॉर्डच्या आतल्या कोपऱ्यात, भिंतीला लावून ठेवलं. मान वळवली की सगळे बेड दिसायचे, पण वाटेनं जाणारा कुणी सहज येऊन उभा राहत नसे. फोन दाराशीच राहू दिला. तो मावशी घ्यायच्या. पाण्याची आणि एक्स-रेची वाट दाखवणारे बाण भिंतीवर रंगवून घेतले. पेंटरची मजुरी सोडली तर खर्च काहीच नाही.

नर्सिंगच्या मुलींना मी सेवाग्राम आश्रमात मुद्दाम घेऊन जायचे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी बसवून दिलेला टेलिफोन तिथं बापूंच्या कुटीत नाही, तो बाजूच्या दफ्तरात आहे. आजाऱ्यांसाठीची जागा मात्र कुटीतच आहे, आणि कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची झोपडीही फार लांब नाही. ‘कोण जवळ आहे आणि काय लांब आहे, ते बघा,’ एवढंच मी सांगायचे. एकदा एका मुलीनं दफ्तर ते कुटी अंतर पावलांनी मोजलं, वहीत लिहून घेतलं आणि मला विचारलं, ‘मॅडम, आपल्या वॉर्डातला फोन टेबलापासून किती पावलांवर आहे?’