‘हफ्ता’ आपला, ‘सप्ताह’ कुणाचा?

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. एकदा वर्गात एक मुलगी सहज म्हणाली, “हफ्ता आपला शब्द, सप्ताह त्यांचा.” आम्ही धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर तीन जोड्या लिहिल्या: सप्त–हफ्त, सहस्र–हजार, सिंधू–हिंदू. नियम मुलांनीच शोधला. संस्कृतात जिथे सुरुवातीला ‘स’, तिथे फारसीत ‘ह’!

नात्यांचे शब्द तर आणखी बोलके आहेत. फारसीत मादर, संस्कृतात मातृ, इंग्रजीत मदर. तसेच बिरादर, भ्रातृ, ब्रदर आणि दुख्तर, दुहितृ, डॉटर. फारसीचे व्याकरण लिहिणाऱ्या सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यातील व्याख्यानात सांगितले की संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचा उगम एकच असावा. त्याच कुळात त्यांनी जुनी फारसीही धरली. ती मूळ भाषा कुठे लिहिलेली सापडत नाही. लेकींचे चेहरे पाहून आईचा अंदाज बांधावा, तसे अभ्यासकांनी तिचे शब्द जुळवले आहेत.

मात्र नुसते साम्य पुरत नाही, नियम जुळावा लागतो. शिवाय उर्दूतले सगळेच शब्द या कुळातले नाहीत. किताब, इल्म, सब्र हे अरबीतून आले. अरबीचे घराणे वेगळे; हिब्रू तिची बहीण. म्हणून ‘सलाम’ला तिकडे ‘शालोम’ भेटतो.

घरी मुलांना अशा जोड्या शोधायला सांगा. आपल्या घरची बोली आणि शाळेची भाषा एकमेकींना परक्या नाहीत, हे त्यांना आपोआप उमगेल.